ऐकायची खोली : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

ह्या वेळी स्पीकरच्या मांडणीवरच एवढे प्रश्न आलेत की बाकीचे पुढच्या अंकात घेऊ. लातूर, नांदेड, परभणी, बीड, जिकडून तिकडून एकच तक्रार, एवढे पैसे घातले तरी दुकानात ऐकला तसा आवाज घरी येत नाही. माझं म्हणणंही एकच आहे, आधी जागा बघा, मग खोली बघा, आणि नवीन काही विकत घ्यायचा विचार सगळ्यात शेवटी. पण प्रत्येक घर वेगळं म्हणून उत्तरं वेगवेगळी देतोय.

प्रश्न (लातूर) : दादा नमस्कार. नवीन घराच्या वरच्या मजल्यावर १२ बाय १२ ची खोली खास गाण्यासाठी ठेवलीय, उंची १० फूट, खाली व्हिट्रिफाईड टाइल्स. आयुष्यभराची हौस म्हणून मोठे फ्लोअरस्टँडर, म्हणजे जमिनीवर उभे राहणारे टॉवर स्पीकर, घेतले. मधी टीव्ही युनिट असल्यामुळं ते दोन कोपऱ्यात भिंतीला जवळजवळ चिकटून आहेत आणि समोरच्या भिंतीला टेकून सोफा. सोफ्यावर बसलं की बेस नुसता दणादण, गाणाऱ्याचा आवाज त्याच्याखाली दबून जातो, आणि उठून खोलीच्या मधोमध आलं की बेस गायब. ॲम्प्लिफायर बदलू का?

उत्तर : ॲम्प्लिफायरला हात लावू नका, तुमची तक्रार एवढी नेमकी आहे की तिच्यातच उत्तर आहे. आवाज हवेत सेकंदाला साधारण ३४४ मीटर जातो, समोरासमोरच्या दोन भिंतीत १२ फूट म्हणजे ३.६६ मीटर अंतर असलं की ४७ हर्ट्झच्या आसपासच्या स्वराची अर्धी लाट तिथं बरोबर मावते आणि भिंतीभिंतीत आपटून उभी राहते, ह्यालाच रूम मोड म्हणतात. ह्या लाटेचा दाब भिंतीपाशी सगळ्यात जास्त आणि मधोमध जवळजवळ शून्य. तुमचा सोफा भिंतीला म्हणून दणादण, आणि मधी आलात की गायब, दोन्ही एकाच कारणानं. त्यात खोली चौरस, म्हणजे लांबीचा मोड ४७ ला आणि रुंदीचाही ४७ लाच, दोन्ही एकावर एक चढतात. उंचीचा ५६ च्या आसपास, तो त्यातल्या त्यात वेगळा आहे. आणि कोपऱ्यात ठेवलेला स्पीकर खोलीतले सगळे मोड एकदम जागे करतो, म्हणजे तुम्ही नकळत सगळ्यात वाईट दोन जागा निवडल्यात, एक स्पीकरला आणि एक स्वतःला.

आता काय करायचं. टीव्ही युनिट तिथून काढा, गाण्याचीच खोली आहे तर टीव्ही दुसरीकडं जाऊ द्या. स्पीकरच्या वूफरचं, म्हणजे बेस काढणाऱ्या मोठ्या कोनाचं, तोंड मागच्या भिंतीपासून ३ फूट पुढं आणा आणि बाजूच्या भिंतीपासून अडीच फूट आत. ही दोन अंतरं मुद्दाम वेगळी ठेवायची कारण भिंतीवरून परत आलेला आवाज मूळ आवाजाला ठराविक ठिकाणी खोडतो, ३ फुटाला हा खड्डा ९४ हर्ट्झच्या आसपास पडतो, अडीच फुटाला ११३ च्या, आणि दोन्ही अंतरं सारखी असली की दोन्ही खड्डे एकाच जागी पडून तिथला स्वरच नाहीसा होतो. सोफा भिंतीपासून एवढा पुढं घ्या की तुमचं डोकं भिंतीपासून ३ फुटावर येईल. असं केलं की दोन स्पीकरमधी ७ फूट राहतात आणि तुमच्यापासून प्रत्येक स्पीकरही ७ फुटावर येतो, हाच तो समभुज त्रिकोण ज्याच्याबद्दल सगळे बोलतात. छोट्या खोलीत तो इतका सहज जमतोय हे तुमचं नशीब समजा.

जड टॉवर आहेत, लगेच स्पाइक (खालचे टोकदार पाय) लावू नका, खाली जुनं ब्लँकेट घडी करून ठेवा म्हणजे टाइल्सवर सरकतील. एक ओळखीचं गाणं लावा ज्यात डग्गा आणि आवाज दोन्ही स्पष्ट आहेत, एक जण सोफ्यावर बसून राहील आणि दुसरा एका वेळी दोन बोटं सरकवेल, बरं वाटलं तिथं फरशीवर चिकटपट्टीची खूण. घाई करू नका, आठवडा जाऊ द्या. बेस जमला की मग स्पीकर थोडे आत वळवा, गायक दोघांच्या बरोबर मधी उभा राहिल्यासारखा वाटेपर्यंत, आणि त्यापुढं वळवू नका. हे सगळं झाल्यावर लॅपटॉप असेल तर रूम ईक्यू विझार्ड नावाचं फुकट सॉफ्टवेअर आणि एक मोजमापाचा यूएसबी माइक घ्या, कानाला जे लागतंय ते ग्राफवर दिसतं आणि घरातल्यांना पटवायलाही सोपं जातं. ४७ चा चढ पूर्ण जाणार नाही हे आधीच सांगून ठेवतो, चौरस खोलीत तो राहतोच, पण गाणाऱ्याच्या अंगावर बसणार नाही एवढा नक्की खाली येईल.

प्रश्न (नांदेड) : मी शास्त्रीय गाणं शिकवते. ऐकायची खोली १६ बाय ११ ची, आम्ही सगळ्या खाली गादीवर लोडाला टेकून बसतो, गादी मागच्या भिंतीला. टॉवर स्पीकर आहेत. काळी एकमधल्या, म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी सा धरून गाणाऱ्या, पुरुष गायकांचं रेकॉर्डिंग लावलं की तंबोऱ्याचा खर्ज फुगतो, सगळं भरून टाकतो, आणि काळी पाचमधल्या बाईंचं लावलं की एकदम स्वच्छ. रेकॉर्डिंगचा दोष असेल का? शिवाय खाली बसल्यावर आवाज थोडा बोथट वाटतो, उभं राहिलं की खुलतो.

उत्तर : ताई, तुमचा कान मायक्रोफोनपेक्षा चांगला आहे. रेकॉर्डिंगचा दोष नाही, खोलीची लांबी बोलतेय. काळी एकचा षड्ज सुमारे १३९ हर्ट्झ, म्हणजे तंबोऱ्याची खर्जाची तार ६९ च्या आसपास. १६ फूट लांबीचा पहिला मोड ३५ ला आणि दुसरा ७० च्या किंचित वर, म्हणजे खर्ज आणि खोली एकाच स्वरात लागलेत म्हणा. काळी पाचचा खर्ज ११६ ला जातो, तिथं तुमच्या खोलीचा असा ठळक मोड नाही म्हणून ते गाणं स्वच्छ. आणि गादी भिंतीला म्हणजे जिथं दाब सगळ्यात जास्त तिथंच तुम्ही बसता.

ह्या दुसऱ्या मोडचा एक चांगला गुण आहे, लांबीच्या चौथ्या हिश्श्यावर तो शांत असतो. तुमच्या खोलीत हा हिस्सा ४ फुटाचा, तेव्हा गादी मागच्या भिंतीपासून अशी पुढं घ्या की कान ४ फुटावर येतील. लोडाला टेकायला भिंत राहणार नाही तर मागं एखादा जड दिवाण किंवा पुस्तकाचं कपाट लावा, त्याचाही फायदाच होतो.

तुमच्याकडं खरा तंबोरा असणार, मग सॉफ्टवेअरची गरजच नाही. स्पीकर जिथं आहे तिथं एका विद्यार्थिनीला तंबोरा घेऊन बसवा, काळी एकला लावा आणि तुम्ही गादीवर ऐका. इथं स्पीकर नाही, ॲम्प्लिफायर नाही, तरीही खर्ज फुगला तर तो खोलीनंच फुगवलाय. मग बसायची जागा थोडी थोडी पुढं मागं करा आणि खर्जाच्या तारेतला स्वयंभू (आपोआप उमटणारा) गंधार कुठं मोकळा ऐकू येतो ते शोधा. तो मूळ स्वराच्या पाचपट, म्हणजे ३४६ हर्ट्झच्या जवळ, आणि खालचा खर्ज माजला की सगळ्यात आधी हाच झाकला जातो. जिथं गंधार आपणहून वर येतो ती तुमची जागा. स्पीकरवरचं गाणं लावून हीच परीक्षा परत घ्या, मला तरी ह्यापेक्षा चांगली परीक्षा माहीत नाही, कारण ह्यात तुम्ही मूळ वाद्याशी ताडून बघताय, दुसऱ्या कुठल्या महागड्या सिस्टीमशी नाही.

बोथटपणाचं कारण उंची. टॉवर स्पीकर खुर्चीवर बसणाऱ्यासाठी केलेले असतात, त्यांचा ट्वीटर, म्हणजे वरचे बारीक स्वर काढणारा छोटा भाग, जमिनीपासून साधारण ३८ ते ४० इंचावर, आणि गादीवर मांडी घालून बसलेल्या माणसाचा कान ३२-३३ इंचावर, लोडाला रेलून बसलं की आणखी खाली. ट्वीटर आणि मधले स्वर काढणारा ड्रायव्हर जिथं एकमेकांना भेटतात तिथले स्वर वर खाली सरकलं की बिघडतात. काही जण मागचे स्पाइक उंच करून स्पीकर पुढं झुकवतात, पण एवढा जड टॉवर लहान मुलींच्या वर्गात पुढं झुकवून ठेवणं मला पटत नाही. त्यापेक्षा सात आठ इंचाची लाकडी बैठक करून तिच्यावर गादी टाका, सुताराचं एका दिवसाचं काम आहे. आणि पुढं कधी स्पीकर बदललेच तर मोठे टॉवर घेऊच नका, गळा आणि तबला तंबोरा ऐकायला ५० हर्ट्झपर्यंत नीट उतरणारे छोटे बुकशेल्फ स्पीकर बुटक्या स्टँडवर गादीच्या उंचीला लावले की भरपूर झालं, २० हर्ट्झच्या मागं लागायचं कारण नाही.

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर) : दुकानदार म्हणतो ह्या स्पीकरला किमान साठ हजाराची केबल पाहिजेच. घेऊ का? एका बाजूला ५ मीटर लागते. खोलीचा फोटो सोबत पाठवलाय.

उत्तर : नका घेऊ. अडीच चौरस मिलिमीटरची चांगली तांब्याची वायर घ्या, ५ मीटर जाऊन येऊन १० मीटर होते आणि तिचा रोध ०.०८ ओहमच्या आसपास, ८ ओहमच्या स्पीकरपुढं एक टक्का. फक्त लाल काळं नीट जोडा, एका बाजूचं उलटं जोडलं गेलं तर बेस पातळ होतो आणि गायक मधी न राहता सगळीकडं पसरतो. तुमच्या फोटोत फरशीवर एक सतरंजीसुद्धा नाही, उरलेले पैसे तिकडं घाला.

प्रश्न (धाराशिव जिल्हा) : आमचा जुना वाडा आहे, वरच्या अंगाला १८ बाय ११ ची माळवदाची (वर मातीचं सपाट छप्पर असलेली) खोली, उंची ९ फूट, दगडमातीच्या दोन फुटी भिंती, त्यात कोनाडे, मधी खांब, वर सागवानी तक्तपोशी. तिथं हाय एंड सिस्टीम लावायचीय. मुलगा म्हणतो माळवद पाडून स्लॅब टाकू आणि आतून पीओपी करू, म्हणजे आवाज चांगला येईल. वडलांना ते मान्य नाही.

उत्तर : वडलांचं ऐका. स्लॅब आणि पीओपी म्हणजे सहाही बाजूंनी कडक गुळगुळीत पृष्ठभाग, आणि अशा खोलीला चांगली करायलाच लोक नंतर लाखो रुपये घालतात. तुमच्याकडं वर लाकडी फळ्या आहेत, भिंतीत कोनाडे आहेत, मधी खांब आहेत, ह्यामुळं वरचे आणि मधले स्वर एकाच दिशेला आरशासारखे परत न येता विखुरतात. मातीचा गिलावा सिमेंटएवढा कडक नसतो, तो थोडं पिऊन घेतो. अशा खोलीत टाळी वाजवली की ती तिथंच संपते, नव्या बंगल्यात वाजवली की ठणठणत राहते, एकदा दोन्हीकडं वाजवून मुलालाच ऐकवा.

पण बेसच्या बाबतीत दोन फुटी दगडी भिंत काही सोडत नाही, सगळा बेस आतच राहतो. त्यात १८ म्हणजे ९ ची बरोबर दुप्पट, लांबीचा दुसरा मोड आणि उंचीचा पहिला दोन्ही ६३ हर्ट्झच्या जवळ येतात. नांदेडच्या ताईंना सांगितलेली चौथ्या हिश्श्याची जागा तुम्हालाही लागू, मागच्या भिंतीपासून साडेचार फुटावर बसा. कोनाडे बुजवू नका. सिस्टीम आणायच्या आधी माळवदाची डागडुजी मात्र करून घ्या, पावसाळ्यात एक गळती लागली तर कागदी कोन आणि लाकडी कॅबिनेट दोन्ही फुगतील. माती झरत असेल तर तक्तपोशीखाली जाड सुती कापडाचं छत ताणा आणि ऐकून झालं की स्पीकरवर खोळ घाला. एवढी जागा नशिबानं मिळालीय, ती तशीच ठेवा.

प्रश्न (परभणी) : ॲम्प्लिफायर चालू केला की स्पीकरमधून सारखा हम्म येतो. इन्व्हर्टरवर असताना तर जास्तच. मिस्त्री म्हणतो प्लगची अर्थिंगची पिन काढून टाका, बंद होईल. काढू का?

उत्तर : अजिबात नाही. हम्म बंद होईलही, पण उद्या आत काही शॉर्ट झालं तर ॲम्प्लिफायरच्या धातूच्या डब्यात करंट येईल आणि हात लावणाऱ्याला शॉक बसेल. ती पिन जीव वाचवायला आहे.

हम्म शोधायचा असा. सगळ्या जोडण्या काढा, फक्त ॲम्प्लिफायर आणि स्पीकर ठेवा. शांत झालं तर एक एक यंत्र परत जोडत जा, ज्याच्या जोडणीनं हम्म सुरू होतो तिथं ग्राउंड लूप आहे, म्हणजे यंत्रं अर्थिंगला दोन वाटांनी जोडली जाऊन वायरीत नको तो करंट फिरतोय, बहुतेक वेळा डिशची वायर येणारा सेट टॉप बॉक्स किंवा कंप्युटर निघतो. सगळी यंत्रं एकाच पॉवर स्ट्रिपवर आणा, बरेचदा एवढ्यानंच जातो. तरी राहिला तर तेवढ्या एका जोडणीत आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर टाका.

मग अर्थिंग. इलेक्ट्रिशियनकडून न्यूट्रल आणि अर्थमधलं व्होल्टेज मोजून घ्या, दोन तीन व्होल्टच्या वर असेल तर काम काढायला पाहिजे. आपल्याकडं काळी माती, पावसाळ्यात ओली असते तेव्हा अर्थिंगला उत्तम, आणि एप्रिल मे मधी भेगा पडल्या की खड्ड्यातली पट्टी मातीपासून सुटते. हम्म उन्हाळ्यात जास्त येत असेल तर कारण तिथंच आहे, अर्थिंगच्या खड्ड्यात नियमानं पाणी घालत जा. मेन बोर्डापासून ऐकायच्या खोलीला वेगळी एमसीबी आणि वेगळी लाइन घ्या जिच्यावर बोअरची मोटर आणि फ्रीज नसेल. इन्व्हर्टर बहुतेक जुना स्क्वेअर वेव्ह असणार, त्याच्यावर ट्रान्सफॉर्मर गुरगुरतोच, बदलताना प्युअर साइन वेव्हचा घ्या. तोपर्यंत लाइट गेली की सिस्टीम बंद ठेवलेली बरी.

प्रश्न (जालना) : भिंतीला अंड्याचे ट्रे लावले तर साउंडप्रूफ होतं का? का फोम लावू?

उत्तर : ट्रे लावू नका. आवाज बाहेर जायचा थांबवायला वजन लागतं, कागदाच्या ट्रेला वजन नाही. आतला आवाज नीट करायला जाडी लागते, ती पण नाही, आणि पेट घेतात ते वेगळंच. पातळ फोम फक्त वरचे स्वर पितो आणि बेस तसाच ठेवतो, मग खोली मेल्यासारखी लागते आणि तरी दणदण करते.

१८९५ मधी हार्वर्ड विद्यापीठात वॉलेस सेबाइन ह्यांच्याकडं एका घुमणाऱ्या व्याख्यानगृहाचं काम आलं, तेव्हा त्यांनी रात्री रात्री शेजारच्या नाट्यगृहातल्या गाद्या आणून मांडल्या आणि गादीगणिक घुमारा किती कमी होतो ते मोजलं, त्यातूनच घुमाऱ्याचं गणित निघालं. त्या गणितानं १२ बाय १२ ची दहा फुटी रिकामी सिमेंटची खोली जवळपास ३ सेकंद घुमते, आणि गाणं ऐकायला ०.४ सेकंदाच्या आसपास पाहिजे. छोट्या खोलीला हे गणित ढोबळच लागू पडतं, पण वेरूळच्या १० नंबरच्या लेण्यात कुणी स्वर लावलेला ऐकला असेल तर घुमारा जास्त झाला की शब्द कसे एकमेकात मिसळतात ते तुम्हाला माहीत असेल.

आणि गाद्यांची आपल्याकडं काय कमी आहे, कापसाचाच मुलूख आहे. ४ इंच जाडीच्या चौकटी करून घ्या, गादीवाल्याकडून पिंजलेला कापूस सैलसर भरून वर सुती कापड. भिंतीपासून ४ इंच पोकळी सोडून लावा, पोकळीमुळं त्या आणखी खालच्या स्वरापर्यंत काम करतात. कुठं लावायच्या ते आरसा सांगेल, तुम्ही जागेवर बसा आणि कुणालातरी बाजूच्या भिंतीवरून आरसा सरकवायला सांगा, जिथं आरशात स्पीकर दिसतो तिथं एक. दोन्ही बाजूला, आणि जमलं तर छतालाही. कोपऱ्यात मात्र फूटभर जाडीचे रॉकवुलचे (दगडापासून केलेल्या लोकरीचे) खांब लागतील, कारण १०० हर्ट्झच्या लाटेचा चौथा भागसुद्धा जवळजवळ ३ फूट असतो, तिथं ४ इंच पुरत नाहीत. कापूस पेटतो, त्यामुळं वायरिंग आणि स्विच बोर्डाजवळ लावू नका, आणि उंदरांसाठी मागून जाळी मारा.

प्रश्न (बीड) : उन्हाळ्यात खोलीत ४२ अंश जातात. स्पीकरला काही होतं का? कुलर लावला तर चालेल? एक जुनी परदेशी जोडी विकत मिळतेय.

उत्तर : स्पीकरपेक्षा ॲम्प्लिफायरला उन्हाळा बाधतो, त्यातल्या इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटरचं आयुष्य दर १० अंशाला साधारण निम्मं होतं. त्याला बंद कपाटात कोंडू नका, वर वीतभर आणि बाजूला चार बोटं जागा सोडा, क्लास ए (सतत तापत राहणारा प्रकार) असेल तर मे महिन्यात भर दुपारी लावूच नका, रात्री ऐका. कुलरचा ओला वारा सरळ स्पीकरवर येऊ देऊ नका आणि तसाही त्याच्या आवाजात बारीक काही ऐकू येत नाही, आधी खोली गार करून घ्या आणि ऐकताना बंद करा. जुन्या जोडीचं म्हणाल तर पैसे द्यायच्या आधी जाळी काढून वूफरच्या कडेची गोल पट्टी बघा. रबराची असेल आणि मऊ असेल तर बोलणं पुढं न्या. फोमची असेल तर बोटानं अगदी हलकं दाबा, भुगा हाताला लागला तर ती बदलावी लागणार, तेवढा खर्च किमतीतून कमी करायला सांगा आणि दोन्ही बाजूंची एकदमच बदलून घ्या.